माळ्यावरची पृथ्वी

प्रश्न : माझे आजोबा भूगोल शिकवत. नौपाड्यातलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर एक लाकडी बैठक सापडली. तिच्यावर फिरणारा पितळी दांडा, मधोमध मेणबत्तीची वाटी, टोकाला पेरूएवढा कागद चिकटवलेला पृथ्वीगोल आणि शेजारी तारेवर लाकडी मणी. दांड्याखालची दोरी तुटली आहे. हे काय असावं? घासूनपुसून शोकेसमध्ये ठेवू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, शोकेसचं नंतर बघू, आधी दोरी बसवा! याला टेल्युरियन म्हणतात. मेणबत्ती हा सूर्य, मणी हा चंद्र, आणि ऋतूंचा सगळा धडा त्या दोरीत आहे.

पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण वर्षभर तो ध्रुवताऱ्याकडेच रोखलेला राहतो, म्हणून कधी उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो, कधी दक्षिण. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. आमच्या शाळेतल्या टेल्युरियनची दोरी सैल पडली होती. दांडा अख्खा फिरवला तरी उत्तर ध्रुव दिव्याकडेच. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, मग थंडी कधी पडणार?" किती नेमकं पाहिलं होतं तिनं!

दांड्याखाली दोन कप्प्या असतील : मधली पक्की बसवलेली, दुसरी गोलाखाली. दोन्ही एकाच मापाच्या असल्या तर दोरी सरळ ओवा, इंग्रजी आठाच्या (8) आकड्यासारखा पीळ अजिबात नको. पीळ पडला की आस भलतीकडेच वळतो. सुतळी घसरते, चपला शिवायचा मेण लावलेला दोरा घ्या.

पितळेला चिंच लावू नका, जुन्या पितळेवर बऱ्याचदा लाखेचा पातळ थर असतो. गोलावर ओलं फडकं तर नकोच, मऊ कोरडा ब्रश पुरे. मेणबत्तीऐवजी छोटा एलईडी दिवा लावा, पण गोलाच्या मध्याच्या उंचीवर. गोलावरची नावं भिंगातून वाचा. सेंट पीटर्सबर्ग असेल तर नकाशा बहुधा १९१४ आधीचा, लेनिनग्राड असेल तर १९२४ नंतरचा.

मग ठाण्याच्या जागी, १९ अंशांच्या जरा वर, मेणाच्या थेंबात टाचणीचं टोक उभं करा. गोलाला भोक पाडू नका. दांडा सावकाश फिरवा. टाचणीची दुपारची सावली वर्षातून दोनदा नाहीशी होईल. गच्चीतही तेच दिसतं : मेच्या मध्यावर, दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या बाटलीची सावली तिच्या बुडाखाली जाते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा तसाच दिवस येतो, पण तेव्हा आपल्या ठाण्यात ढग हटायला हवेत.