पुस्तक आलंय ना? मग ‘बिग बॉस’ बघ

तुझी कादंबरी छापून आली, तरी ‘आपलंच कौतुक आपण कसं करायचं’ म्हणून गप्प बसलायस, कळलं. आमच्या सांगलीच्या घरी ही ‘बिग बॉस मराठी’ उघड बघते, मी पेपराआडून. कार्यक्रम टुकार, पण जाहिरातीची शाळा आहे.

२०२४चा पाचवा सीझन सूरज चव्हाणनं जिंकला. बारामतीकडचं पोरगं, रीलवाला. ‘झापुक झुपूक’ एवढंच त्याचं पालुपद, पण ते त्याचं स्वतःचं होतं, म्हणून लोकांच्या तोंडी बसलं. आता तू तुझी कादंबरी एका वाक्यात सांग बघू. ‘मानवी नात्यांचा पट’ म्हणालास तर मी उठून जाईन. ‘२०१९च्या पुरात माडीवर अडकलेल्या, चार वर्षं अबोला धरलेल्या दोन जावा’ असं सांग की! ऐकणारा लगेच विचारतो, मग बोलल्या का?

गेल्या जानेवारीत साताऱ्याच्या साहित्य संमेलनात मी स्टॉलवर हाताची घडी घालून दिवसभर उभा. तीन प्रती गेल्या, त्यातली एक मेव्हण्यानं घेतली. दुसऱ्या दिवशी लाज सोडून अर्धं पान मोठ्यानं वाचलं. एक बाई पिशवी खाली ठेवून ऐकायला थांबल्या, त्यांच्यामागं आणखी चौघं.

भांडणाच्या वाटेला मात्र जाऊ नकोस. ‘बिग बॉस’च्या घरातल्या आरडाओरड्याला मतं मिळतात. दुसऱ्या लेखकाला फेसबुकवर शिव्या घालून पुस्तक खपल्याचं मी तरी पाहिलं नाही.

रविवारी ये. भडंग खात ते एक वाक्य घासूया.