रोमहून सिसिलीला रेल्वेने जाताना बोटीसाठी गाडीतून सामान घेऊन उतरावं लागतं का?

नाही. पालेर्मो किंवा सिराकूझाची थेट इंटरसिटी घेतलीत तर अख्खी गाडीच बोटीत चढते. मेसिनाच्या सामुद्रधुनीवर पूल नाही, म्हणून अलीकडच्या काठावरच्या व्हिला सान जोव्हानी स्टेशनला गाडीचे तुकडे करून डबे बोटीच्या पोटातल्या रुळांवर शेजारी-शेजारी लावतात आणि पलीकडे मेसिनाला पुन्हा जोडतात. सामुद्रधुनी सर्वांत चिंचोळ्या जागी जेमतेम ३ किमी. वेळ खातं ते शंटिंगच, म्हणजे डबे तोडणं-जोडणं. पैसे-पासपोर्ट जवळ घेऊन खुशाल डेकवर जा, डब्यात बसून दिसतं ते फक्त लोखंड. मात्र फ्रेच्चारोसासारख्या वेगवान गाड्या बोटीत चढत नाहीत. ते तिकीट असेल तर व्हिला सान जोव्हानीला सामानासकट उतरून प्रवासी बोट पकडावी लागते.