भीमगडच्या जंगलात दोन रात्री तंबूत राहायचंय, तयारी कशी करावी?

सहा जण, बेळगावहून दोन गाड्या, डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि भीमगडच्या आत तंबू, असा तुमचा बेत आहे. त्यातलं 'आत' तेवढं खोडा. भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, सुमारे 190 चौरस किलोमीटरचं. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय आत शिरताच येत नाही, आणि कलम 30 प्रमाणे रानाला धोका होईल असा विस्तव आत पेटवणं हाही गुन्हा. गाडीत कोयता-कुऱ्हाडही नको. नाक्यावर सापडली तर लाकूडतोडे नाही हे पटवता पटवता दुपार जाईल.

म्हणून तंबू बाहेर, कुणाच्या तरी मालकी रानात. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला किंवा हेम्माडग्याच्या अलीकडच्या गावांत शेतकऱ्याला रीतसर विचारा. जागा वनखात्याच्या हद्दीत येत नाही ना, हे उताऱ्यावर बघा. 'आमचंच आहे' एवढ्यावर भागवू नका. मग आरएफओच्या, म्हणजे वनक्षेत्रपालाच्या ऑफिसात नावं, गाड्यांचे नंबर आणि तारखा लिहून द्या. दिवसा आत फिरायचं असेल तर परवानगीचा अर्जही तिथेच, निदान पंधरा दिवस आधी. गावात मराठीवर सगळं भागतं, पण अर्ज कन्नडात असला तर टेबलावरून लवकर सरकतो.

जागा निवडताना आधी वारूळ शोधा. वाळवी हे अस्वलाचं आवडतं खाणं, आणि या रानात बिबट्यापेक्षा अस्वलाचीच भीती जास्त. ताजं उकरलेलं वारूळ किंवा फळांनी लगडलेलं उंबर दिसलं की दुसरी जागा बघा. भाताच्या खळ्याजवळही नको. सुगीत दांडेलीकडचे हत्ती खानापूर तालुक्यात उतरतात, आणि भाताच्या वळीला, म्हणजे गंजीला लागलेल्या हत्तीला तुमचा तंबू दिसेलच असं नाही. स्वयंपाक तंबूपासून पन्नास पावलांवर करा. गूळ, केळी, खरकटी भांडी रात्री गाडीत, काचा लावून.

तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या इथे कुचकामी. चार बोटं मातीखाली जांभा लागतो, हातोडीचा दुसरा घाव बसला की खुंटी वाकलीच. हार्डवेअरच्या दुकानातून सहा ते आठ इंची लोखंडी खिळे घ्या, एका तंबूला बारा. तेही शिरले नाहीत तर दोरी नारळाएवढ्या दगडाला गुंडाळा आणि त्यावर दुसरा मोठा दगड ठेवा. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा पाचला तंबू उभा हवा. पहाटे दंव पावसासारखं पडतं. बाहेरचं कापड ताणून बांधा, आतल्या कापडाला टेकलं की पाणी झिरपतं. वरच्या खिडक्या बंद केल्या तर श्वासाच्याच वाफेने आतून सगळं भिजतं. पांघरुणापेक्षा खालची फोमची चटई महत्त्वाची, कारण थंडी जमिनीतून चढते.

पाणी माणशी दिवसाला सहा लिटर धरा: चार पिण्याचं, दोन स्वयंपाक-भांड्यांचं. म्हणजे सहा जणांना रोज छत्तीस, वीस लिटरचे दोन कॅन. रिकामे झाले की गावच्या विहिरीवर भरा. ओढ्याचं पाणी नितळ दिसतं, पण वरच्या अंगाला म्हशी डुंबत असतात. खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नका. गाडी तंबूपर्यंत जात असेल तर छोटा सिलिंडर बरा. नसेल तर गॅसचे 230 ग्रॅमचे तीन कॅन घ्या. पहाटे चहाच्या वेळी ज्योत मंदावली तर गॅस संपलाय असं समजून कॅन फेकू नका, तो गार पडलेला असतो. कोमट पाण्याच्या ताटलीत दोन मिनिटं ठेवा, शेकोटीजवळ कधीच नाही. एक जेवण बिनचुलीचं ठेवा: भाकरी, शेंगाचटणी, चिरमुरे.

लोक वाघाचं विचारतात, गोचिडीचं कुणी विचारत नाही. माकडतापाचा हंगाम डिसेंबर ते मे, आणि तो गोचिडीतून होतो. फिकट रंगाची पूर्ण पँट घाला, पायमोज्यात खोचा. पाचोळ्यावर थेट बसू नका. गोचिडी दूर ठेवणारं मलम किंवा मिळालं तर त्याच कामाचं डेपा तेल लावा, दर दोन-तीन तासांनी एकमेकांच्या कानामागे, काखेत, कमरेला बघा. पिल्लं खसखशीएवढी असतात, तीळ समजून सोडून देऊ नका. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा. रॉकेल किंवा जळती काडी लावू नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. परतल्यावर आठवड्याभरात अचानक जोराचा ताप आणि डोकेदुखी झाली, तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आधी सांगा, नाहीतर उपचार फ्लूचे होतात.

साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. हातपाय न हलवता थेट गाडीत. त्यासाठी एका गाडीचं तोंड कायम रस्त्याकडे ठेवा आणि किल्ली सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी. टाकी खानापुरातच भरा. पुढे मोबाईलची रेंज जाते, म्हणून परतीचा दिवस आणि वेळ घरी कागदावर लिहून ठेवा.