रिपोर्टमधलं ‘नाही’

प्रिय पोरी,

काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तुझे तीन फोटो आले. दोन फोटोंत तुझ्या बायोप्सीच्या रिपोर्टची पानं आणि तिसऱ्यात निम्मा तुझा अंगठाच. खाली एक ओळ: ‘मावशी, यात किती वाईट आहे?’ मी सकाळी पाहिलं. लगेच फोन केला असता, पण मी बोलत सुटले असते, तू ‘हो, हो’ म्हणत राहिली असतीस आणि फोन ठेवल्यावर दोघींनाही काही आठवलं नसतं. लिहिलेलं पुन्हा काढून वाचता येतं, म्हणून लिहितेय.

सत्तावीस वर्षं मी हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे अंगातून काढलेले तुकडे तपासणाऱ्या लॅबमध्ये, टेक्निशियन होते, हे तुला ठाऊक आहे. तुझ्या स्तनातल्या गाठीतून सुईने काढलेले ते शेवयांसारखे बारीक तुकडे माझ्यासारख्याच कुणीतरी फॉर्मॅलिनमधून, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणातून, काढले असतील, रात्रभर मशिनमध्ये ठेवले असतील, सकाळी मेणात बसवून त्यांचा ब्लॉक केला असेल. मग मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर, तीन-चार मायक्रॉनचा, केसाहूनही कितीतरी पातळ काप. तो फितीसारखा बाहेर येतो. कोमट पाण्यावर सोडायचा, सुरकुती मोडली की खालून काच घालून अलगद उचलायचा, दुधावरची साय उचलावी तसा. त्यानंतर गुलाबी-जांभळा रंग. हे एवढं सांगायचं कारण, परवा तू म्हणालीस की रिपोर्टला दहा दिवस लागले म्हणजे नक्कीच काहीतरी लपवत होते. कुणी काही लपवत नव्हतं गं. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये निदान सहा तास मुरल्याशिवाय हार्मोनच्या तपासण्या धड होत नाहीत, आणि त्या तपासण्या पहिली काच पाहून झाल्यावरच लावतात. तो सगळा वेळ मेणाचा आणि रंगाचा.

आता माझी गोष्ट. तुला अर्धीच माहीत आहे.

माझी गाठ निघाली तेव्हा मी नोकरीतच होते. माझा ब्लॉक आमच्याच टेबलावर आला आणि पोरांनी तो माझ्या हाताला लागू दिला नाही. रिपोर्ट टाइप झाल्यावर मी तो घेऊन जिन्यात बसले. त्यातला शब्दन् शब्द मला येत होता, तसले हजारो रिपोर्ट हाताखालून गेले होते. तरी ‘लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन: नॉट सीन’ ही ओळ मी ‘सीन’ अशी वाचली. एकदा नाही, तीनदा. म्हणजे गाठीच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत शिरलेल्या दिसल्या, असा अर्थ मी लावला आणि घरी जाऊन बहिणीला तसंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी आमच्या मॅडमनी शांतपणे त्या ओळीवर पेन्सिल ठेवली आणि म्हणाल्या, ‘इथे नॉट आहे.’

तेव्हापासून माझी खात्री झाली आहे की भीती रिपोर्टातलं ‘नाही’ गिळून टाकते. शिकलेल्याचंही आणि न शिकलेल्याचंही. तू इंजिनियर असलीस म्हणून सुटशील असं नाही.

आता तुझा कागद घेऊ. मी डॉक्टर नाही, उपचार मी ठरवणार नाही, पण शब्द सांगू शकते.

तू दोनदा लाल गोल केलायस तो ‘ग्रेड तीन’. तुझ्या आईने सगळ्या नातेवाइकांना फोन करून ‘थर्ड स्टेज’ सांगितल्याचं तू म्हणालीस. आधी ते निस्तर, कारण आता येणारा प्रत्येक फोन त्या चुकीच्या शब्दावर येणार. ग्रेड वेगळी, स्टेज वेगळी. ग्रेड म्हणजे पेशी दिसतात कशा: नळ्यांची मूळची ठेवण किती उरली आहे, केंद्रकं किती बिघडली आहेत आणि विभाजन किती चाललं आहे. प्रत्येकाला एक ते तीन गुण. बेरीज आठ किंवा नऊ आली की ग्रेड तीन. आजार किती पसरलाय हे त्यातून कळतच नाही. स्टेज मुख्यतः ठरते गाठीचा आकार, काखेतल्या गाठी आणि शरीरात इतरत्र काही आहे का यावरून. सुईच्या तुकड्यावरून ती सांगता येत नाही, म्हणूनच तुझ्या रिपोर्टात ती कुठेही लिहिलेली नाही. पुन्हा बघ हवं तर.

खोटा दिलासा देणार नाही. ग्रेड तीन हलक्यात घ्यायची गोष्ट नाही, त्या पेशी घाईत असतात. पण केमो वाढणाऱ्या पेशींवरच चालते, आणि घाईतल्या पेशींना ती बऱ्याचदा जास्त लागू पडते. तुझा केआय-६७चा, म्हणजे शंभरातल्या किती पेशी वाढीला लागल्यात त्याचा, पस्तीस टक्के आकडाही हीच घाई सांगतो, वेगळं नवं संकट नाही. तो आकडा दोन लॅबमध्ये थोडा वेगळा येऊ शकतो, तेव्हा त्यावरून रात्र रात्र हिशेब मांडत बसू नकोस.

‘इन्व्हेजिव्ह’ या शब्दाला तू सगळ्यात जास्त घाबरलीस. त्याचा अर्थ एवढाच की पेशी दुधाच्या नलिकेची भिंत ओलांडून आसपासच्या भागात आल्यात. अंगभर पसरल्या असा नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या बहुतेक रिपोर्टांत हा शब्द असतो.

आणि ज्या ओळीवर तू काहीच खूण केली नाहीस, ती मी वाचली. ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, पॉझिटिव्ह, आठापैकी सात गुण. ‘पॉझिटिव्ह’ दिसलं की आपल्याला वाईटच वाटतं, पण इथे त्याचा अर्थ असा की या पेशी इस्ट्रोजेनवर पोसल्या जातात आणि ते तोडायला गोळी आहे. टॅमॉक्सिफेन जुनी, स्वस्त आणि साधी गोळी आहे, पाच ते दहा वर्षं घ्यायची. तुझ्यासाठी तीच की दुसरी, सोबत आणखी काही, ते डॉक्टर बघतील.

आता ‘हर-टू’, म्हणजे पेशीच्या अंगावरचं वाढीला चालना देणारं एक प्रथिन. तुझा दोन प्लस आलाय. शून्य किंवा एक असता तर निगेटिव्ह, तीन असता तर पॉझिटिव्ह. दोन म्हणजे रंगावरून ठरत नाही, जनुकाच्या प्रती मोजायला लागणार. त्या मोजणीला फिश म्हणतात. (माझ्या नणंदेला वाटलं होतं पथ्याला मासे सांगितलेत. पापलेट आणू का, म्हणून विचारत होती.) मी नोकरीला लागले तेव्हा हर-टू पॉझिटिव्ह रिपोर्ट आला की डॉक्टरांचे चेहरे उतरायचे. 1998 मध्ये अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅब या हर-टूवरच्या औषधाला मान्यता मिळाली आणि ज्या खुणेला घाबरायचे तिच्यावरच नेम धरता येऊ लागला. आपल्याकडे ते औषध बरीच वर्षं परवडायचंच नाही. 2014 च्या सुमारास भारतात बनलेली त्याची बायोसिमिलर, म्हणजे त्याच्यासारखीच दुसऱ्या कंपनीची आवृत्ती, आली, तेव्हा कुठे किंमत खाली यायला लागली. तेव्हा गुरुवारी फिश पॉझिटिव्ह आली तर एक औषध वाढेल, निगेटिव्ह आली तर ते लागणार नाही. दोन्हींकडे रस्ता आहे.

तू म्हणशील, हे सगळं कळलं तरी छातीत धडधडतंच. धडधडणारच. मला सगळं कळत होतं तरी पंधरा दिवस घास उतरत नव्हता. फॉर्मॅलिनचा वास, ज्यात मी आयुष्य काढलं, तो नाकात आला तरी पोटात ढवळायचं. पुढे काय करायचं हे ठरेपर्यंतचे दिवस फार वाईट. पहिली तारीख मिळाली, फाइलला नंबर पडला, आणि माझी भीती थोडी खाली बसली. गेली नाही. प्रत्येक तपासणीच्या आधी अजूनही डोकं वर काढते, सहा वर्षं झाली तरी. मला वाटतं तिला घालवायच्या नादी लागूच नये. ‘घाबरू नकोस’ म्हणणाऱ्या माणसांचा मला तेव्हा इतका राग यायचा!

मी काय केलं ते सांगते, तुला जमेल ते घे. रात्री दहानंतर रिपोर्ट उघडायचा नाही, मोबाइलवर शोधायचं नाही. बहिणीने फाइल तिच्या कपाटात ठेवून किल्ली स्वतःकडे घेतली होती. संध्याकाळी पाच ते साडेपाच मी घाबरायला मोकळी. ताटात तांदूळ निवडत बसायचे आणि मनात येईल ते येऊ द्यायचे: मेले तर, पैसे संपले तर, केस गेले तर. रडू आलं तर रडायचं. साडेपाचला ताट उचलून कुकर लावायचा. दुपारी भीती आली की तिला म्हणायचे, पाचला ये. हसशील, पण बऱ्याचदा ऐकायची. रात्री जाग आलीच तर उठून बसायचं आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, वीस-पंचवीस वेळा. पडल्या पडल्या विचार करत राहिलं की ते फुगतात.

पण आठवडाभर झोप अजिबात नसेल, अन्न जात नसेल किंवा ‘हे सगळं संपवावं’ असं मनात आलं, तर तांदूळ निवडून भागणार नाही. तेव्हा डॉक्टरांना सांगायचं. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत त्यासाठी मानसोपचाराचे लोक असतात. मध्यरात्र असेल तर टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या हेल्पलाइनचा 14416 आहे, सरकारी आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. आणि मला उठव. मी झोपमोडीला रागावणारी नाही.

एक वही कर. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर. डॉक्टरांसमोर बसलं की डोकं कोरं होतं, सगळ्यांचं होतं. सोबत न्यायचं माणूस सगळ्यात प्रेमाचं नको, सगळ्यात शांत हवं. तुझ्या आईला बाहेर बसव, वाईट वाटलं तरी. फोन घ्यायचं काम भावाला दे. ‘सुई टोचल्याने पसरतो’, ‘साखर बंद कर’, ‘अमुक गावचा वैद्य’ हे सगळं त्याच्या कानावर पडून तिथेच थांबलं पाहिजे. सुईने पसरतो हे खरं नाही. आणि ‘आमच्याकडे कुणालाच नाही, हिलाच कसा’ हे वाक्य तुझ्या सासरी नक्की ऐकू येईल. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बहुतेक बायकांच्या घरात आधी कुणालाच झालेला नसतो. तू काही खाल्लंस, केलंस किंवा विसरलीस म्हणून हे झालेलं नाही.

वहीत दोन प्रश्न माझ्याकडून आधीच लिहून ठेव, कारण तू एकतीसची आहेस. पहिला: पुढे मूल हवं असेल तर केमो सुरू होण्याआधी बीजं किंवा गर्भ गोठवून ठेवायचे का? हे आधीच विचारायचं असतं, पण सगळे गाठीच्या मागे असतात आणि राहून जातं. लाजू नकोस. दुसरा: इतक्या लहान वयात झालाय तर बीआरसीएची, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेल्या जनुकांची, तपासणी करायची का?

तू लिहिलंस, ‘सगळंच काढून टाकायला सांगते, म्हणजे भीतीच जाईल.’ इथे जरा थांब. सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये फक्त गाठ काढून रेडिएशन दिलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायकांची वीस वर्षांची तुलना 2002 मध्ये छापून आली, एक इटलीतली आणि एक अमेरिकेतली. जगण्यात फरक नव्हता. तुझ्या बाबतीत काय योग्य ते तपासण्यांवर ठरेल, कदाचित पूर्णच काढावं लागेल. पण ते सर्जनने कारण सांगून ठरवू दे, रात्री दोन वाजताच्या तुझ्या मनाने नको. माझा पूर्ण काढलाय. भीती त्याच्यासोबत गेली नाही, एवढं मी अनुभवाने सांगते.

दुसरं मत घ्यायचं असेल तर आत्ताच्या डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून अडू नकोस. रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागत नाही, काचा आणि मेणाचे ब्लॉक न्यावे लागतात. लॅबमध्ये अर्ज दिला की मिळतात. परळला टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या काचा रोज तपासल्या जातात. सकाळची डेक्कन क्वीन पकडून दादरला उतरलं की झालं. ब्लॉक मात्र हातातल्या पर्समध्ये ठेव, उन्हात उभ्या गाडीत नको. मेण आहे ते. एका गृहस्थांनी डॅशबोर्डवर ठेवलेले ब्लॉक मऊ होऊन वाकलेल्या कडांनी परत आलेले मी पाहिलेत, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे तेव्हा मी पाहिलंही नव्हतं, ब्लॉककडेच पाहत होते. खिडकीच्या आत बसून सत्तावीस वर्षांत बाहेरची माणसं मला दिसलीच नाहीत. दिसली ती थेट माझी पाळी आल्यावर, त्याच बाकावर.

पैशांचं: महात्मा जोतिराव फुले योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन भावाला तिकडे पाठव. तुझ्या कंपनीच्या विम्याचंही त्यानेच बघावं.

गुरुवारी साडेनऊला मी गेटपाशी उभी असेन, निळी छत्री. वही आण, पेन माझ्याकडे आहे. रिपोर्ट हातात आला की आधी मी वाचेन, मग तू मोठ्याने वाच, प्रत्येक ‘नॉट’वर बोट ठेवून. आणि काहीतरी खाऊन ये. फिशचा रिपोर्ट घ्यायला उपाशीपोटी जावं लागत नाही.

तुझी,
मावशी