‘मंतरलेले वन’ की ‘मायावी अरण्य’?

अद्भुतरम्य कादंबऱ्यांतील ‘एन्चान्टेड फॉरेस्ट’साठी मराठीत कोणता शब्द योजावा, अशी विचारणा एका अनुवादकाने केली आहे. ‘जादूचे जंगल’ त्यांना बालिश वाटते, आणि ‘मायावन’, ‘मंतरलेले वन’ व ‘झपाटलेले रान’ यांपैकी कोणते घ्यावे हे ठरत नाही. अशा वेळी सारा खल विशेषणावर होतो. माझ्या मते मात्र खरी निवड नामाची आहे.

विशेषणाचे आधी पाहू. ‘एन्चान्ट’च्या मुळाशी लॅटिनमधील ‘गाणे’ या अर्थाचे क्रियापद आहे, म्हणजे मंत्र गाऊन एखाद्याला बांधून टाकणे. तेव्हा ‘मंतरणे’ हा त्याला अगदी नेमका प्रतिशब्द होतो. पुढे दोन्ही शब्द सारखेच सौम्य झाले. ‘मंतरलेली संध्याकाळ’ म्हणताना आता कोणाच्याही डोळ्यांपुढे मांत्रिक उभा राहत नाही. तरीही मंतरलेला दोरा किंवा ताईत म्हटले, की तो कोणी मंतरला हा प्रश्न येतोच. म्हणून जिथे मंत्र घालणारा कथेत हजर आहे, तिथे हे विशेषण चपखल बसते. तास्सोच्या 1581 सालच्या इटालियन महाकाव्यात जेरुसलेमला वेढा घालणाऱ्या सैन्याला मनोरे उभारण्यासाठी लाकूड मिळू नये, म्हणून इस्मेनो हा मांत्रिक जवळचे वन भारून टाकतो. शेवटी वेढा घालणाऱ्या सैन्यातील रिनाल्दो हा वीर समोरच्या भासांना न भुलता एका झाडावर घाव घालतो, भास विरतात आणि उरते ते साधे वन. याला मंतरलेले म्हणा किंवा मायावी म्हणा, दोन्ही खरे आहे. ‘झपाटलेले’ मात्र वाचकाला भुताची वाट पाहायला लावते, म्हणून ते टाळावे.

टोल्कीनच्या 1954 सालच्या कादंबरीतील ‘ओल्ड फॉरेस्ट’पाशी ‘मंतरलेले’ हे विशेषण अपुरे पडते. ते कोणी मंतरलेले नाही. तिथली झाडेच जुनी, जागी आणि माणसांवर रुष्ट आहेत. प्रवाशांना उत्तरेकडे जायचे असते, आणि झाडी व उतार त्यांना हळूहळू नेमके नको त्या नदीकाठी ढकलत नेतात. मराठीत याला ‘चकवा लागणे’ म्हणतात, आणि ‘चकव्याचे रान’ या दोन शब्दांत जे येते ते कोणत्याही जादूच्या विशेषणात येत नाही. एकच सावधगिरी हवी: ‘रान’ हा शब्द ‘अरण्य’वरूनच आला असला, तरी देशावर ‘रानात गेलाय’ म्हणजे शेतावर गेलाय, त्यामुळे संदर्भ स्पष्ट नसेल तर जादूगार ज्वारीच्या पिकात उभा राहायचा!

आता नाम. ‘फॉरेस्ट’ची व्युत्पत्ती बहुतेक अभ्यासक ‘बाहेर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाकडे नेतात. नॉर्मन राजांच्या इंग्लंडमध्ये तर तो कायद्याचा शब्द होता. शिकारीसाठी राखलेल्या ज्या प्रदेशात राजाचा वेगळा कायदा चाले तो फॉरेस्ट, मग तिथे झाडे असोत वा नुसते माळरान. संस्कृत ‘अरण्य’ही ‘अरण’ म्हणजे परका, दूरचा यावरून आलेला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 146व्या सूक्तात ऋषी अरण्यानीला, म्हणजे अरण्याच्या देवतेला, विचारतो, की तू गावाची वाट का विचारत नाहीस, तुला भय वाटत नाही का; आणि संध्याकाळी तिथे राहिलेल्याला कोणी किंचाळल्याचा भास होतो, असेही सांगतो. भागवताच्या नवव्या स्कंधातील सुद्युम्न शिकारीच्या नादात शिवाच्या क्रीडावनात शिरतो, आणि तो स्त्री होतो व त्याचा घोडा घोडी होतो. तिथे त्याच्यावर कोणी चेटूक करत नाही. सीमेच्या आत नियमच निराळा आहे, एवढेच. हा निराळा नियम आणि हे परकेपण ‘अरण्य’ शब्दात विशेषणाशिवायही आहे. ‘वन’ त्या मानाने माणसाळलेले आहे, कारण उपवन आणि नंदनवनही त्यातच मोडतात. ‘जंगल’चे मूळ ‘जांगल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश. आज तो अर्थ उरलेला नाही, पण वापरून गुळगुळीत झालेल्या या शब्दातून गूढही निसटले आहे.

म्हणून पुस्तकाच्या नावात किंवा पहिल्या उल्लेखात ‘मायावी अरण्य’ लिहावे आणि पुढे नुसते ‘अरण्य’ ठेवावे. मांत्रिक असेल तिथेच ‘मंतरलेले’.

काहींना ‘देवराई’ सुचेल. तिथेही नियम निराळा असतो, वाळली काटकीसुद्धा उचलायची नाही असा दंडक अनेक गावांत पाळला जात आला आहे. पण देवराई गावाची असते, तिचा देव गावकऱ्यांच्या ओळखीचा असतो आणि नवस बोलायला लोक तिथे जातात. ज्या ठिकाणी पात्राला कोणीच ओळखत नाही, त्या ठिकाणाला हे नाव देता येणार नाही.