पोटाचं नंतर बघू ताई, आधी कार्डाचं बिल काढा

एका ताईंचं पत्र आलंय. वय ४१, नोकरी पक्की, मिस्टरांचं काम फ्रीलान्स म्हणजे कधी आहे कधी नाही, मुलगी शाळेत. प्रश्न एवढाच की पोट आणि कंबरेच्या बाजूची चरबी ऑपरेशन न करता कमी करण्याचं आठ सिटिंगचं पॅकेज घ्यायचंय, त्यासाठी इन्शुरन्स पॉलिसी मोडून रोख भरू (१५ टक्के सूट मिळते म्हणे) की पॉलिसी तशीच ठेवून नो-कॉस्ट ईएमआय करू. आणि मग अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय, "पॉलिसीचा प्रीमियम कार्डावरून जातो त्यामुळे त्याचं टेन्शन नाही, कार्डाचा मिनिमम ड्यू मी कधीच चुकवलेला नाही, वर पॉइंट्सही मिळतात."

ताई, पॅकेजचं बोलूच, पण खरं दुखणं या शेवटच्या वाक्यात आहे.

तुम्ही सगळे आकडे दिलेत हे फार बरं केलंत. ओळख पटू नये म्हणून ते जसेच्या तसे लिहीत नाही, तुमचा हातात येणारा महिन्याचा पगार १०० धरतो आणि बाकी सगळं त्या मापात सांगतो. घरखर्च ८०. कार्डावर थकलेले २५०, म्हणजे अडीच पगार. त्याचा मिनिमम ड्यू (दर महिन्याला निदान एवढी तरी भरायचीच अशी रक्कम) ५ टक्के, म्हणजे साडेबारा. उरले साडेसात. आता या साडेसातातून तुम्ही वर्षाला १५० चा प्रीमियम भरताय असं तुम्हाला वाटतंय, पण तो तुम्ही भरतच नाही आहात, तो बँक भरतेय आणि तुम्ही बँकेचं कर्ज वाढवताय. पहिला प्रीमियम बोनसमधून गेला, मागचे दोन कार्डावर, आणि चौथा दोन महिन्यांत येतोय तोही तिकडेच जाणार.

कार्डाचं व्याज महिन्याला ३ टक्के, तुम्हीच लिहिलंय. २५० वर साडेसात. म्हणजे तुम्ही प्रामाणिकपणे साडेबारा भरता त्यातले साडेसात व्याजात जातात आणि मुद्दल फक्त पाच कमी होतं. वर्षाचा हिशोब केला तर व्याजच ८० च्या आसपास. मिनिमम ड्यू न चुकवल्याचा फायदा इतकाच की लेट फी लागत नाही आणि रेकॉर्डवर थकबाकीदार दिसत नाही, व्याजाचं मीटर चालूच असतं. शिवाय एकदा बाकी पुढे ढकलायला लागलात की नव्या खरेदीवरचे बिनव्याजी दिवसही सहसा जातात, म्हणजे भाजी घेतली तरी त्या दिवसापासून व्याज. आणि पॉइंट्स? १५० च्या प्रीमियमवर एक टक्का धरला तरी दीड. दीड मिळवायला ८० घालवताय.

आता गंमत बघा, क्लिनिकचं पॅकेज रोख भरलं तर ८२ ला पडतं. तुमचं कार्डाचं वर्षाचं व्याज ८०. म्हणजे असं एक पॅकेज तुम्ही दर वर्षी विकत घेताच आहात, फक्त त्यातून कुणाचीही चरबी कमी होत नाहीये.

आता पॉलिसी. पंधरा वर्षांची एन्डोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली, नात्यातल्याच माणसाने दिलेली, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही, हे मी इतक्या पत्रांत वाचलंय की आता त्याचा रागही येत नाही, कंटाळा येतो. त्यांनी कागदावर लिहून दिलेला हिशोब तुम्ही पाठवलाय: पंधरा वर्षांत २,२५० भरायचे, शेवटी ३,००० मिळणार, "७५० निव्वळ फायदा, ३३ टक्के रिटर्न". अहो, ३३ टक्के पंधरा वर्षांत! वर्षाला साडेतीन टक्के झाले. हे त्या कागदावर नाही लिहिलं कारण लिहिलं असतं तर तुम्ही सही केली नसती. आणि तुम्ही याला "माझा इमर्जन्सी फंड" म्हणताय, तर ४५० भरल्यावर आज मोडली तर हातात २०० येतात, हे कंपनीचंच पत्र सांगतंय. अडचणीच्या वेळी काढायला गेलात तर निम्म्याहून जास्त तिथेच राहतात, त्याला फंड कसलं म्हणायचं.

इथे कुणीतरी म्हणेल की आता नुकसान झालंच आहे, पुढचं बघा, पुढे चालू ठेवली तर रिटर्न चांगला पडेल. बरोबर आहे, म्हणून तोही हिशोब केला. आजचे २०० आणि पुढचे बारा प्रीमियम, शेवटी ३,०००, तर इथून पुढचा दर साडेपाच टक्क्यांच्या थोडा वर जातो. कार्ड मुक्त असतं तर यावर बसून चर्चा केली असती. पण इकडे साडेपाच मिळवायला तिकडे महिन्याला तीन, चक्रवाढीने वर्षाला बेचाळीसच्या वर देताय, मग चर्चा कसली? पॉलिसीवर कर्ज काढून कार्ड फेडता येईल, व्याज बरंच कमी पडेल, पण प्रीमियम तरीही दरवर्षी येणारच आणि तो तुम्हाला झेपत नाही हा मूळ रोग तसाच राहतो. पेड-अप केली (न मोडता, कमी रकमेवर तशीच ठेवली) तर प्रीमियम थांबतो पण पैसे हातात येत नाहीत. म्हणून माझं मत मोडा असंच आहे. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर "हो" आलं बघा, फक्त पैसे क्लिनिकला द्यायचे नाहीत.

मोडायच्या आधी एक काम. त्या पॉलिसीत विमा किती, तर १,५००, म्हणजे सव्वा वर्षाचा पगार. मिस्टरांचं उत्पन्न बेभरवशाचं, मुलगी लहान, तुमचाच पगार घर चालवतोय आणि विमा सव्वा वर्षाचा. साधा टर्म इन्शुरन्स (बचत नाही, नुसता जीवनविमा) घ्या, वार्षिक उत्पन्नाच्या दहा-बारा पट, प्रीमियम आत्ताच्या मानाने किरकोळ असेल. शुगर बॉर्डरवर आहे ते फॉर्मवर लिहा, लपवू नका, प्रीमियम थोडा वाढला तर वाढू दे. टर्म हातात आली की मगच जुनी मोडायची, मधे एक दिवससुद्धा विम्याशिवाय नको.

मग २०० कार्डात. राहिले ५०. मिनिमम ड्यूचे साडेबारा आणि उरणारे साडेसात मिळून महिन्याला २० मोकळे होतात (टर्मचा प्रीमियम त्यातून थोडा जाईल, धरून चला), म्हणजे तीन-चार महिन्यांत कार्ड शून्य. तोवर कार्ड घरात ठेवा, पर्समध्ये नको, आणि फोनमध्ये सेव्ह केलंय ते पण काढा. त्यानंतर वर्षभर तेच २० साध्या बचत खात्यात किंवा कधीही मोडता येणाऱ्या ठेवीत, की तीन महिन्यांचा घरखर्च उभा राहतो. त्याला म्हणा इमर्जन्सी फंड.

आता नो-कॉस्ट ईएमआय, कारण या शब्दाने माझं डोकं फिरतं. पॅकेज ९६, बारा हप्ते आठ-आठचे, "व्याज शून्य". पण तेच रोख भरलं तर ८२. मग खरी किंमत कुठली? ८२ च. ८२ ची वस्तू आठ-आठ करत ९६ ला घेतली की दर निघतो महिन्याला अडीच टक्के, वर्षाचा तीसच्या आसपास, वर प्रोसेसिंग फी वेगळी. व्याज गेलेलं नाही, किमतीत लपवलंय. आणि हप्ता ८, तुमच्याकडे उरतात साडेसात, म्हणजे पहिल्याच महिन्यात अर्धा कमी. तो कुठून येणार? कार्डावरून. क्लिनिकच्या काउन्सेलरला हे माहीत नसेल, पण तुम्हाला माहीत होतं.

राहिला ट्रीटमेंटचा भाग. मी डॉक्टर नाही, पण तुम्ही पत्रात याला "खर्च नाही, इन्व्हेस्टमेंट" म्हटलंय आणि तीन परतावे लिहिलेत: आठ किलो वजन जाईल, शुगर खाली येईल, आणि हेल्थ इन्शुरन्सवरचं लोडिंग (आजारामुळे लागणारा जादा प्रीमियम) निघेल. इन्व्हेस्टमेंट म्हटलं की मी परतावा तपासणारच.

तुमच्या पॅकेजमधलं मुख्य मशीन चरबी गोठवणारं आहे, क्रायोलिपोलिसिस. चरबीच्या पेशी थंडीला त्वचेपेक्षा लवकर मरतात या तत्त्वावर ते चालतं. १९७० साली डॉक्टरांनी नोंदवलं होतं की आइसकँडी चोखून एका बाळाच्या गालातली चरबी सुजून कमी झाली, पुढे हार्वर्डच्या डायटर मॅनस्टीन आणि रॉक्स अँडरसन यांनी त्यावर काम केलं आणि अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणारी तिथली सरकारी संस्था) २०१० मध्ये कंबरेच्या बाजूंसाठी आणि २०१२ मध्ये पोटासाठी परवानगी दिली. म्हणजे थोतांड नाही, काम करतं. किती? जिथे मशीन लावलं तिथला चरबीचा थर साधारण २० ते २५ टक्के पातळ होतो. पोटाची चिमटीत येणारी वळी ४ सेंटीमीटर असेल तर ती ३ ची होईल. ड्रेस थोडा बरा बसेल, वजनकाट्याला फारसं कळणारही नाही. आठ किलो हा आकडा कुठून आला ते त्या काउन्सेलरला विचारा, आणि लेखी मागा, बघा देतात का.

शुगरचं तर त्याहून सोपं आहे. मशीन ओढून घेतं ती त्वचेखालची, चिमटीत येणारी चरबी. शुगरच्या भानगडीत ज्या चरबीकडे मुख्यतः बोट दाखवतात ती पोटाच्या स्नायूंच्या आत, लिव्हर-आतड्यांभोवती असते, तिथे हे मशीन पोचतच नाही. २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, १५ लठ्ठ स्त्रियांची लायपोसक्शनने जवळपास दहा-दहा किलो चरबी काढली, तरी अडीच-तीन महिन्यांनी इन्शुलिन, बीपी, कोलेस्टेरॉल यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. दहा किलो काढून नाही, आणि तुम्ही एक सेंटीमीटरवर लोडिंग कमी व्हायची वाट बघताय. शुगरसाठी डॉक्टरकडे जा, याच महिन्यात, त्याची फी या सगळ्यापुढे काहीच नाही.

ब्रोशरमध्ये "पोटाला फॅट डिझॉल्व्हिंग इंजेक्शन फ्री" असंही आहे. डिऑक्सिकोलिक ॲसिडच्या इंजेक्शनला एफडीएने २०१५ मध्ये परवानगी दिली ती हनुवटीखालच्या चरबीसाठी, पोटासाठी नाही. तुमच्या पोटाला नेमकं कुठलं औषध देणार, नाव काय, परवानगी कशासाठी, हे बाटलीवर बघितल्याशिवाय नको. फुकट मिळतंय म्हणून तर अजिबात नको.

आणि काउन्सेलरने न सांगितलेला खर्च. क्वचित काही लोकांत गोठवलेल्या जागी चरबी कमी व्हायच्या ऐवजी वाढते, घट्ट गोळा होतो, आणि तो काढायला बहुतेक वेळा लायपोसक्शनच लागतं. ज्या सुऱ्या-टाक्यांच्या भीतीने मशीन निवडलं तेच. लिंडा इव्हँजेलिस्टा या मॉडेलने २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं ते हेच. कंपनीने सुरुवातीला सांगितलं त्यापेक्षा नंतरच्या अभ्यासांत हे जास्त आढळलं, तरी दुर्मिळच आहे, घाबरवत नाहीये. पण तसं झालं तर पैसे कोण देणार? हेल्थ इन्शुरन्स कॉस्मेटिक प्रोसिजर सहसा देतच नाही, आणि क्लिनिकच्या फॉर्मवर काय लिहिलंय ते सही करायच्या आधी वाचायचं असतं.

तरीही हवंय तुम्हाला, मला माहितेय, आणि त्यात काही चूक नाही. आरशात बरं दिसावंसं वाटणं हा खर्चच आहे, फक्त तो खर्चाच्या खात्यात लिहा. आठ सिटिंगचं पॅकेज मात्र घेऊ नका. रिझल्ट दिसायला दोन ते तीन महिने लागतात, म्हणजे पहिल्या सिटिंगने फरक पडला की नाही हे कळायच्या आधीच आठव्याचे पैसे दिलेले असतात, मधे क्लिनिक बंद पडलं किंवा डॉक्टर बदलले तर बसा. कार्ड शून्य झालं, निदान दोन महिन्यांचा खर्च खात्यात आला, की एका भागाची एकच सिटिंग रोखीने घ्या. पॅकेजच्या दराने १२ पडते, पॅकेजशिवाय एकच घेतली म्हणून महाग लावली तरी १५-१६, एका महिन्याच्या शिलकीत बसते. आधी फोटो काढा, त्याच जागी टेपने मोजा, तीन महिने थांबा, मग पुढचं ठरवा. मशीन लावायच्या आधी स्किनच्या डॉक्टरने स्वतः तपासलं पाहिजे, थंडीने त्रास होणारे काही रक्ताचे आजार असतात त्यांना हे चालत नाही.

आणि हो, तुम्ही टोकन म्हणून ५ भरून बसलायत, "नॉन-रिफंडेबल". आजच ईमेल टाका की पॅकेज रद्द करतेय, टोकन परत द्या, नाहीतर पुढे एका सिटिंगमध्ये वळते करा. देतील तर उत्तम. नाही दिले तर पाच गेले. ते वसूल करायला बाकीचे ७७ भरायला जाऊ नका.