वारीत खांद्यावर किती ओझं घ्यावं?

पहिल्यांदाच वारीला निघालात ना? मग आधी दिंडीवाल्यांना विचारा, ट्रकमध्ये किती सामान चालतं. वळकटी, जादा कपडे तिकडेच. वळकटीवर नाव मोठ्या अक्षरांत लिहा, रात्री सगळ्या सारख्याच दिसतात! खांद्यावर फक्त शबनम पिशवी: पाण्याची बाटली, प्लॅस्टिकचा कागद, पंचा, रोजच्या गोळ्या, सुटे पैसे. जीन्स अजिबात नको. भिजली की वाळता वाळत नाही, वर मांड्या सोलवटतात. पातळ टेरिकॉटचा पायजमा अंगावरच वाळतो. चपला वापरातल्याच घाला. पुणे ते सासवड 30 किलोमीटरच्या आसपास चाल, त्यात दिवेघाट. तिथे अर्धा किलोही जाणवतो. खाऊचे डबे कशाला? वाटेत लोक आग्रहानं चहा, केळी हातात ठेवतात. पॉवर बँक मात्र घ्या, मुक्कामी चार्जिंगला रांग असते.